रानकेवडी निजली आहे

दिवाळीच्या मागेपुढे आमच्या गोंदियाकडचं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान दुधात येतं. लोंबी हिरवीच असते, पण दाणा नखानं चिमटला की पांढरा थेंब बाहेर येतो. त्या आठ-पंधरा दिवसांत शेतावरून वारा आला की माणसं नकळत जरा लांब श्वास घेतात. मीही घेते. बाकीच्यांना बरं वाटतं म्हणून ते घेतात, मी खात्री करून घ्यायला घेते. यंदाही सौंदडच्या स्टेशनावर उतरले, रूळ ओलांडले आणि पलीकडच्या त्या जुन्या बांधीच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. शेजारी गवत कापत बसलेली बाई मान वर करून म्हणाली, "सर्दी झाली काय, म्याडम? कवापासून नाक ओढून राहिल्या." मी हो म्हटलं. सर्दीचं निमित्त बरं असतं, पुढे कुणी काही विचारत नाही.

बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. ही बांधी माझी नाही. पण एका सालच्या पावसाळ्यापासून कार्तिकापर्यंत ती माझ्या ताब्यात होती, आणि तो एकच हंगाम आजवर माझ्या मागे लागलेला आहे.

जिल्हा तेव्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याला नव्या सुनेसारखा उत्साह असतो. प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून नीट करून दाखवायची असते. मीही नवीच होते. पोवारांच्या घरातली मुलगी. आमचे पूर्वज माळव्यातून आले आणि धानाच्या चिखलात कायमचे रुतले. घरात पोवारी, शाळेत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि त्यावर शेतकीची पदवी घेतलेली घराण्यातली पहिली पोर. तोरा काय विचारता! वडील बियाणं निवडायला बसले की मी शेजारी उभी राहून त्यांना बियाण्यावर व्याख्यान द्यायची. ते बिचारे ऐकून घ्यायचे.

नागपूरच्या एका संशोधन संस्थेनं आणि गोंदियाच्या काही राइस मिलवाल्यांनी मिळून एक योजना आखली, तिच्यात मला नोकरी लागली. पहिली बैठक गोंदियात एका लॉजच्या हॉलमध्ये झाली. समोसे, चहा आणि भिंतीवर पांढरा पडदा. पडद्यावर बाण होते. शहरातल्या प्रयोगशाळेतून एक बाण शेताकडे, शेतातून एक मिलकडे, मिलमधून एक बाजाराकडे आणि बाजारातून पुन्हा प्रयोगशाळेकडे. संस्थेचे डॉक्टर (औषधाचे नव्हेत, धानाचे) शांतपणे एकेका बाणावर काठी ठेवत सांगत होते की प्रदेश असाच पुढे जातो. मिलवाल्यांच्या वतीनं त्यांच्यातले एक सेठजी बोलले. "हमारा चावल आधा देश खाता है, पर नाम किसी को याद नहीं. खुशबूवाला दे दो डॉक्टर साहब, नाम अपने आप हो जाएगा." टाळ्या पडल्या. त्या गोल फिरणाऱ्या बाणांवर माझाही पुरता विश्वास बसला. ते फिरताना मधे कुणी सापडेल असं मनातही आलं नाही.

माझं काम होतं जुनी सुगंधी धानं शोधायची. इटियाडोह धरणाचं पाणी आल्यापासून लोकांनी हलकी, लवकर येणारी, भरघोस पिकणारी वाणं धरली होती, जुनी एकेक करून सुटत चालली होती. धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून एक टोला आहे, पंधरावीस घरांची वस्ती. तिथल्या फुलवंताबाईकडे रानकेवडी नावाचं धान आहे असं कळलं. फुलवंताबाई गोंड. तेव्हा पन्नाशीची असेल. तेंदूपत्त्याच्या दिवसांत बिडीची पानं तोडायला जायची, एरवी शेती. मुलांनी नवं वाण धरलं होतं, पण तिनं एका कोपऱ्यात स्वतःसाठी हे राखलं होतं. मागच्या साली आजारपणामुळे तेही पेरलं गेलं नव्हतं. तिच्या घरात एक लहान मडकं होतं, फडक्यानं तोंड बांधलेलं, आणि रानकेवडीचं जगात जेवढं बियाणं उरलं होतं तेवढं सगळं त्या मडक्यात होतं.

मडक्यात हात घातला तर दोन प्रकारचे दाणे. दहातले नऊ साधे, पिवळट. एखादा मात्र काळपट, लांब कुसळाचा. मी शहाणपणानं म्हटलं, "मावशी, यात तर भेसळ आहे."

"भेसर नाई ते," ती म्हणाली. "बहिनी आहेत. दोघी संगच राहू द्या. एकटी राहत नाई ते."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? माही सासू असंच ठेवत होती."

मी वहीत लिहिलं : मिश्र बियाणे, शुद्धीकरण आवश्यक. ती वही अजून माझ्याजवळ आहे. अक्षर फार सुरेख आहे.

तिला अर्धंच द्यायचं होतं. मीच मागे लागले. मावशी, तुमच्या घरी उंदीर, घुशी, ओल. आमच्याकडे नागपुरात थंड खोली आहे, तिथे बी शंभर वर्षं झोपून राहतं, मरत नाही. पुढच्या कार्तिकात ओंजळभर काय, पोतंभर आणून देते. माझी जीभ त्या दिवशी फार चालली. शेवटी ती उठली, मडकं उचललं आणि मी हात पुढे केला तर माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवलं. बी हातातून हातात देत नाहीत, घेणाऱ्यानं ते जमिनीवरून उचलायचं. मग ती वाकून मडक्याच्या तोंडाशी गोंडीत काहीतरी बोलली, पोरीला सासरी धाडताना बोलावं तशी. मला म्हणाली, "कार्तिकात आना बरं. घर रिकामं नोका ठेवू." मी बी पिशवीत ओतून घेतलं, रिकामं मडकं तिथेच ठेवलं. जीप सुरूच होती.

बी दोन वर्षांचं जुनं, उगवेल न उगवेल, म्हणून डॉक्टरांनी सगळंच पेरायला सांगितलं. थंड खोलीत जुनं, मिसळीचं बी घेतच नाहीत. पिकवायचं, शुद्ध करायचं आणि ताजं ठेवायचं, हा नियम. सौंदडच्या या बांधीत पऱ्हे टाकून रोपं केली, मग त्यांची रोवणी केली. त्या साली पाऊसही समजूतदारपणे पडला. आश्विन सरत आला, धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या आणि एका सकाळी गाडीतून उतरले तर वास थेट फलाटावर आला होता. तो कसा सांगू? नुकतंच उतू गेलेलं दूध आणि केवडा, दोन्ही एकदम. फलाटावरची माणसं बोलता बोलता थांबत होती.

आमच्या धंद्यात वाण शुद्ध ठेवायचं तर दाणा भरायच्या आत भेसळ उपटतात. बांधीतून ओळीनं चालायचं, वेगळं दिसणारं झाड मुळासकट काढायचं. ही शिस्त मला पुस्तकातून मिळाली होती आणि मला तिचा अभिमान होता. दोन मजूर बायांना घेऊन मी उतरले. साध्या झाडांची गर्दी, मधेच एखादं काळ्या लोंबीचं, कुसळं ताठ. दिसलं की उपट. कमी ते चुकीचं, जास्त ते बरोबर, एवढं सोपं गणित. एक बाई थबकली. हातातलं झाड नाकाशी नेऊन म्हणाली, "म्याडम, हेच त वास देऊन राहिलं." मी हसले. अख्ख्या बांधीला वास येतोय मावशी, म्हटलं, एका झाडाचं काय घेऊन बसलात. तिनं ते झाड बाकीच्यांत टाकलं, मजुरी करणारं माणूस किती वाद घालणार! दुपारपर्यंत धुऱ्यावर काळ्या लोंब्यांचा कमरेएवढा ढीग झाला.

त्याच दुपारी डॉक्टर आणि सेठजी पाहायला आले. सेठजींनी ढिगाजवळ उभं राहून डोळे मिटले. "क्या खुशबू है, मैडम! इसी का तो इंतजार था." फोटो काढला. त्यात आम्ही तिघं हसतोय आणि मागे ढीग आहे. ते गेल्यावर मी ढीग पेटवायला लावला, भेसळीचा एक दाणाही मागे राहू नये म्हणून. दाणे अजून दुधातच होते, हिरवे. ढीग लवकर पेटेना. नुसता धुमसत राहिला आणि त्याचा धूर जमिनीलगत, बांधी सोडून, सरळ जंगलाच्या दिशेनं गेला. वारा तर नव्हता. पण तेव्हा असलं काही पाहून मी थांबणाऱ्यांतली नव्हते.

कार्तिकाच्या शेवटी कापणी झाली. सेठजींच्या मिलमध्ये तांदूळ काढला आणि मिलच्या ऑफिसातच शिजवला. डॉक्टर नागपूरहून मुद्दाम आले होते. पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ वर गेली. नुसती वाफ, वास नाही. ताटं वाढली, सगळे मान खाली घालून जेवले. सेठजी फार सभ्य माणूस. हात धुताना ते म्हणाले, "चावल अच्छा है." तेव्हा मला कळलं. काळ्या लोंबीतच वास होता. नऊ साध्या झाडांच्या गर्दीत एक वासाचं झाड लपवून पिढ्यान्‌पिढ्या बायांनी ते डुकरांपासून, किडीपासून वाचवलं होतं, आणि मी माझ्या शिकलेल्या डोळ्यांनी शोधून शोधून, एकही न सोडता, त्याला संपवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे दुसऱ्याचं घर रिकामं झालं.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी शहरापर्यंत येता येता वास जातो, होतं असं. नियमाप्रमाणे त्या शुद्ध, वास नसलेल्या धानाचं पाकीट थंड खोलीत गेलं. पाकिटावर नंबर आणि नाव : रानकेवडी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचं नाटक होतं, माणसं एकमेकांना भेटतात. मंडईत फुलवंताबाई समोर आली. तिनं हात पुढे केला नाही, नुसतं बघत राहिली. मी तोंड उघडलं आणि आतून सत्य यायच्या ऐवजी भलतंच आलं. "निजली आहे, मावशी. नागपुरात, थंड खोलीत. एवढ्यात उठवायची नाही म्हणतात."

"निजली?"

"निजली."

"निजू द्या मंग," ती म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.

पुढच्या कार्तिकात तो वास परत आला. बांधीत नवं वाण होतं, बिनवासाचं. तरी भर दुपारी धुऱ्यावरच्या जळक्या डागापाशी आलं की उतू गेलेलं दूध आणि केवडा. मजूर बायांनी तिथे भाकरी सोडणं बंद केलं.  मग एका सकाळी डुकरांचे माग दिसले. उभं, भरलेलं धान दोन्हीकडे. त्यातलं एक ताटही न मोडता डुकरं सरळ त्या डागापर्यंत गेली होती आणि तिथली जमीन हातभर उकरून ठेवली होती. बांधीवाल्या शेतकऱ्याला आनंद झाला, पीक वाचलं म्हणून. मला घाम फुटला.

तिथून पुढे दर कार्तिकात हेच. गोंदियात ऑटोत बसले तरी शेजारच्या रिकाम्या जागेवरून वास यायचा. सेठजींच्या मिलमध्ये कोंढ्याच्या धुळीत यायचा. सेठजी काम करता करता मान वर करत, माझ्याकडे बघत आणि पुन्हा कामाला लागत. नागपूरच्या संस्थेत वास मोजायचं एक महागडं यंत्र होतं. दिवाळीच्या सुमाराला त्यात कोरी बाटली ठेवली तरी ते आकडा दाखवी. बिघडलं म्हणून दर वर्षी दुरुस्तीला जाई, मार्गशीर्षात आपोआप बरं होऊन येई. मी शिकलेली बाई, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण थंड खोलीसमोरच्या बोळातून मी त्या दिवसांत एकटी जात नसे, हे खरं.

आणि दर मंडईत फुलवंताबाई. केस पांढरे होत गेले, एका डोळ्यात फूल पडलं. प्रश्न तोच. "निजली?" मी म्हणायची, "निजली." खोट्याचीही सवय होते, आणि तीच मला जास्त भयंकर वाटायची.

अशी दहाएक वर्षं गेली. पुन्हा एक बैठक ठरली. या वेळी मोठं हॉटेल, मोठा पडदा आणि बाणही रंगीत. आता शब्द क्लस्टर असा होता. मिलवाले, बँक, निर्यातदार, संशोधक, सगळे एका साखळीत. डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेल्या तरुण संशोधकानं उत्साहानं सांगितलं की जिल्ह्याचा हरवलेला सुगंध आपल्याकडे सुरक्षित आहे. पडद्यावर पाकिटाचा फोटो आला, माझ्या सुरेख अक्षरातलं नाव. येत्या हंगामात हे पाकीट उघडू, असं जाहीर झालं. टाळ्या पडल्या. माझेही हात एकमेकांवर आपटत होते. सेठजी शेजारी बसले होते, आता काठी टेकत चालणारे. ते टाळ्या वाजवत नव्हते. हळूच म्हणाले, "मैडम, उस दिन खाते समय हम सब चुप रह गए थे. गलती हमारी भी है."

दुसऱ्या दिवशी मी टोल्यावर गेले. फुलवंताबाई अंगणात बसून टोपली विणत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा जिभेवर भलतं आलं असतं.

"मावशी, रानकेवडी नाही. पहिल्याच साली मी माझ्या हातानं उपटली आणि जाळली."

तिचे हात थांबले नाहीत. "मालूम आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच कार्तिकापासून. इथंबी येते न वास. रिकाम्या मडक्यातून येते. निजलेलं मानूस असं फिरत नाई, बाई."

मी तिच्यासमोर बसले. "मग दर साली मला विचारत काऊन होत्या?"

"तुमी सांगाल म्हनून."

मी रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखी. लाज वाटायचीही ताकद उरली नव्हती. तिनं रडू दिलं. मग टोपली बाजूला ठेवून म्हणाली, "आता कायले रडता? आमच्यात कोनी बाहेर मेलं का त्याचा जीव घरी आनावं लागते. नाई आनला त फिरत राहते बिचारं. दहा साल फिरून राहिली ते. तिले घरी आना." आणि तेच जुनं मडकं तिनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

सौंदडच्या धुऱ्यावर, डुकरांनी उकरलेल्या जागेतली माती मी हातानं मडक्यात भरली. नुसती काळी माती, नाकाला लावून पाहिली तर कसलाच वास नाही. मडकं मांडीवर घेऊन एसटीत बसले. बस इटियाडोहच्या वळणाला लागली आणि मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, "कोनाच्या घरचा तांदूर आहे बाप्पा हा?" सगळी बस वळली. एक बाई डोळे मिटून बसली. कंडक्टर तिकिटं फाडायची थांबला. सगळ्यांना वास येत होता. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मडकं माझ्या मांडीवर होतं आणि त्या अख्ख्या बसमध्ये मला एकटीलाच काही येत नव्हतं.

टोल्यावर मी मडकं जमिनीवर ठेवलं. फुलवंताबाईनं ते जमिनीवरून उचललं, तोंडाशी वाकून गोंडीत दोन शब्द बोलली आणि आत नेलं. मला आत बोलावलं नाही. बरोबरच आहे, घरच्या माणसाला घेताना बाहेरचं कशाला?

घरी येऊन मी संस्थेला पत्र लिहिलं. पाकिटात रानकेवडी नाही, साधं धान आहे, चूक माझी. उत्तर आलं नाही. पुढच्या बैठकीत पडद्यावरची एक ओळ कमी झाली होती, एवढंच. बाण तसेच फिरत होते.

त्या दिवसापासून कार्तिक कोरा जातो. डुकरं येतात ती उभं धान मोडतात, शेतकरी शिव्या देतात. नागपूरचं यंत्र दिवाळीत दुरुस्तीला जात नाही. थंड खोलीच्या बोळातून मी आता खुशाल एकटी जाते. भीती गेली, आणि ती गेल्यावर कळलं की दहा वर्षं मी जिला घाबरत होते, तीच तेवढी रानकेवडी या जगात शिल्लक होती. आता तीही नाही. म्हणून मी या धुऱ्यावर येते, नाक ओढते. चिखल, हिरवं धान, मालगाडीचा धूर. पुन्हा ओढते. वास यावा, घाम फुटावा, असं फार वाटतं.

परवा मंडईत फुलवंताबाई भेटली. नातीसाठी बांगड्या घेत होती. पिकाचं विचारलं, माझ्या गुडघ्याचं विचारलं. मी वाट पाहत उभी राहिले. तिनं दुसरं काही विचारलं नाही. बांगड्या कागदात गुंडाळून झाल्या, ती निघाली, तेव्हा मीच पाठीमागून म्हटलं, "निजली, मावशी."

ती थांबली. मागे न वळता म्हणाली, "हव. आता निजली."